वाळू गेली आन् ही आली

मे महिन्याच्या उपग्रहचित्रात माण नदीच्या पात्राला चिकटून हिरवी रेघ दिसली, की सुरुवातीच्या वर्षांत मला मनापासून आनंद व्हायचा. आजूबाजूला सगळं करडं-तपकिरी, मधूनच उघड्या मुरमाचा तांबूस डाग, आणि त्यातून वळणं घेत गेलेली ही हिरवळ. नदी आटली असली तरी काठ जिवंत आहे, असं मी स्वतःशी म्हणायचे. नकाशावर त्या पट्ट्याला मी नाव दिलं होतं, 'नदीकाठचे वन'. चार वर्षं ते नाव माझ्या नकाशांवर राहिलं. ते चूक आहे हे मला एका मेंढपाळ आजोबांनी सांगितलं, तेही पाच शब्दांत.

माझं काम उपग्रहचित्रं वाचायचं. झाडाचं पान अन्न तयार करण्यासाठी लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परतवून लावतं. या दोन्हींच्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेने भागलं की एक आकडा मिळतो. आमच्या धंद्यात त्याला एनडीव्हीआय म्हणतात. तो उणे १ ते अधिक १ यांच्यामध्ये असतो. उघड्या मुरमाचा आकडा ०.१ च्या आगेमागे, भरात आलेल्या उसाचा ०.७ च्याही वर. लँडसॅट उपग्रह ३० मीटरचा एकेक चौकोन टिपतो आणि १६ दिवसांनी पुन्हा त्याच जागेवर येतो. २००८ साली लँडसॅटचा जुना साठा सगळ्यांना फुकट खुला झाला आणि आमच्यासारख्यांच्या टेबलावर एकदम १९८४ पासूनची चित्रं येऊन पडली. एखाद्या खोऱ्याची वीस-पंचवीस वर्षं आठवडाभरात डोळ्यांखालून घालता येतात, याचं मला त्या वेळी इतकं अप्रूप होतं, की त्या चौकोनात प्रत्यक्ष काय उगवलं आहे हे जाऊन पाहण्याची घाई मी केली नाही.

माणचं खोरं मी निवडलं, कारण ते माझ्या आजोळचं. सातारा जिल्ह्यात कुळकजाईच्या डोंगरात ही नदी उगम पावते, दहिवडी, म्हसवड करत आटपाडीच्या बाजूला येते, पुढे सांगोला तालुक्यातून जाऊन सरकोलीजवळ भीमेला मिळते. लोक तिला माणगंगा म्हणतात. उगमापासून सरळ रेषेत महाबळेश्वर शंभर किलोमीटरच्या आत आहे. तिथे साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि इथे वर्षाची सरासरी ५०० च्या आतबाहेर. सह्याद्रीने ढग अडवले की उरलेली रिती झूल तेवढी आमच्या डोक्यावरून पुढे जाते. मृगाचे दोन शिंतोडे येतात, मग आषाढ-श्रावण नुसता वारा. खरा भरवसा उत्तरा आणि हस्तावर. म्हणून हा मुलूख रब्बीचा, शाळू ज्वारीचा, आणि माळावरच्या मेंढरांचा. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ने तो मराठी वाचकाच्या ओळखीचा करून ठेवला आहे.

२०१३ च्या मे महिन्यात मी पहिल्यांदा त्या हिरव्या रेघेत पाय ठेवला. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस हुकला होता. माणदेशातली जनावरं चारा छावण्यांत दावणीला होती, टँकरच्या मागे घागरींच्या रांगा होत्या. अशा वर्षात जो पट्टा हिरवा राहतो तो काय असेल, हे पाहायचंच असं ठरवून मी जीपीएस घेऊन नदीत उतरले. चौकोनाच्या मध्यभागी पोचेपर्यंत चपलेच्या तळातून काटा आरपार घुसून टाचेला लागला होता. वर पाहिलं तर डोक्याच्या वरपर्यंत नुसती वेडी बाभूळ. फांदीत फांदी अडकलेली, खाली माती अगदी उघडी, गवताची एक काडी नाही. पक्ष्यांचा आवाजही फार नव्हता. करंजाच्या सावलीत असतो तसा गारवा नव्हता. पात्राच्या मधोमध, जिथे पाणी वाहायला हवं तिथे, ही झाडी उभी होती.

एक आजोबा काठीच्या आकडीने शेंगा पाडून शेळ्यांना चारत होते. मी विचारलं, "आबा, ही बाभळ कधीपासून आहे इथं?"

"हिला बाभळ म्हणू नगा ताई. येडी हाय ही. आमची बाभळ न्यारी." मग थोडं थांबून म्हणाले, "वाळू गेली आन् ही आली."

मी ते वहीत लिहून घेतलं. त्याचा अर्थ पूर्ण उलगडायला मला पुढची दोन-तीन वर्षं लागली.

लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी गेले की मामीबरोबर झिऱ्यावर पाणी आणायला जायचे. नदी दिसायला कोरडी ठणठणीत. मामी पात्रात बसून हातांनी वाळू उकरायची. वीतभर खाली वाळू गार लागायची, हातभर खाली ओली, आणि मग तळाशी पाणी गोळा व्हायला लागायचं. आधी गढूळ, ते उपसून टाकायचं. दुसऱ्यांदा आलेलं नितळ. करवंटीने ते अलगद घागरीत भरायचं, तोंडाला फडकं लावून. मला वाटायचं नदी खालून वाहते. मुलीचा समज होता, पण फार चुकीचा नव्हता. वाळूच्या कणांमधल्या पोकळीत पावसाळ्याचं पाणी साठून राहतं, ऊन मुख्यतः वरच्या थरातलंच पाणी उडवतं, खालचं सावकाश खालच्या अंगाला सरकतं आणि काठच्या विहिरींना पाझरतं. नदीकाठच्या करंजाची, उंबराची, जांभळाची मुळं त्याच ओलीवर जगत. शिंदीची बनं ओढ्याकाठी होती तीही त्याच जोरावर.

नव्वदच्या दशकापासून शहरांत सिमेंटची घरं वाढत गेली आणि या वाळूला भाव आला. आधी बैलगाड्या, मग ट्रॅक्टर, मग रात्रीचे डंपर आणि जेसीबी. पात्र खरवडून खालचा मांजऱ्या खडक आणि चिकणमाती उघडी पडली. पाऊस पडला की पाणी आता मुरत नाही, धावत निघून जातं आणि खड्ड्यांत गाळ सोडून जातं. त्या गाळात वेड्या बाभळीचं बी पडतं. हे झाड मूळचं मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडचं, एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात आणलेलं. शेळ्या-मेंढ्या गोड शेंगा आवडीने खातात, बी लेंडीतून धड बाहेर येतं आणि लेंडीच त्याचं पहिलं खत होते. पूर्वी पात्रात असं रोपटं आलं तरी पुढच्या पुरात वाळू हलायची आणि रोपट्यासकट वाहून जायची. आता वरच्या अंगाला बंधारे, तलाव, नालाबंडिंग. पूर दर वर्षी येत नाही, आणि हलायला वाळूही नाही. दोन पावसाळे मिळाले की मुळं इतकी खोल जातात की मग कुठलाही पूर त्याला हलवत नाही. वाळू जाणं, पूर थांबणं, शेळ्यांचं येणं-जाणं, या तिन्हींचं मिळून ते झाड झालेलं असतं. उपग्रहाला मात्र पान दिसतं. पान हिरवं आहे, म्हणून आकडा चढतो.

त्याच दौऱ्यात पाहिलेली एक विहीर मला अजून दिसते. दगडी बांधणीची, मोटेचं थारोळं अजून शाबूत. काठावर जुना उंबर. त्याची मुळं विहिरीच्या दगडांमधून फुटून आत लोंबत होती, जाडजूड, दोरखंडासारखी, आणि सगळी एकाच उंचीवर संपत होती. त्या उंचीवर दगडांवर क्षाराची पांढरी रेघ होती. कधीकाळी पाणी तिथपर्यंत असायचं. त्याखाली चाळीसेक फूट नुसती हवा आणि तळात कचरा. उंबराचा शेंडा वाळला होता, मधल्या दोन फांद्या तेवढ्या हिरव्या. माझ्या चित्रात या उंबराचा चौकोन आणि शेजारच्या वेड्या बाभळीचा चौकोन एकाच रंगाचे होते.

मी मग जगातल्या दुसऱ्या कोरड्या खोऱ्यांबद्दल वाचायला लागले. चीनच्या वायव्येला तारीम नावाची नदी आहे, तक्लामकान वाळवंटाच्या कडेने वाहणारी. तिच्या काठाने वाळवंटी पॉपलरची जंगलं होती. १९७० च्या दशकात वरच्या बाजूला शेतीसाठी पाणी वळवलं, दाशीहायझी इथे धरण बांधलं, आणि खालचं सुमारे ३२० किलोमीटरचं पात्र कोरडं पडलं. भूजल मुळांच्या आवाक्याखाली गेलं आणि शेकडो वर्षं जगणारी झाडं उभ्याउभ्या वाळली. २००० सालापासून तिथे मुद्दाम नदीत पाणी सोडायला सुरुवात झाली. झाडांना पालवी फुटली, पण मुख्यतः पात्राच्या जवळपास. जसं लांब जावं तसा फरक कमी होत जातो. हे वाचताना मला आजोळची विहीर आठवत होती. कोरड्या मुलखात झाड पावसावर जगतं असं आपण सहज म्हणतो. गवत जगतं पावसावर. नदीकाठचं मोठं झाड नदीने जमिनीखाली साठवलेल्या पाण्यावर जगतं, आणि ते पाणी कोणी काढून नेलं तर पाऊस चांगला होऊनही झाड मरतं.

हा फरक आकड्यांत पकडण्याची एक रीत आहे. दर वर्षीचा पाऊस एका बाजूला मांडायचा आणि त्या वर्षीची हिरवाई दुसऱ्या बाजूला. खुल्या माळावर दोन्हींची जोडी छान जमते: हस्त बरसला की तीन-चार आठवड्यांत आकडा वर जातो, पाऊस हुकला की पडून राहतो. पावसाच्या हिशेबाने जेवढी हिरवाई यायला हवी तेवढी वजा करायची आणि उरलेलं वर्षानुवर्षं कुठे सरकतंय ते पाहायचं. उरलेलं सतत चढत असेल तर पावसाशिवाय दुसरं काहीतरी झाडोरा वाढवतंय. सतत उतरत असेल तर दुसरं काहीतरी तो खातंय. यात हवेतला कार्बन डायऑक्साइडही आला. तो वाढला की पानांची रंध्रं कमी उघडावी लागतात, पाण्याची बचत होते आणि कोरड्या प्रदेशात त्याचा परिणाम जास्त दिसतो. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मांडलं, की १९८२ ते २०१० या काळात जगातल्या उष्ण-कोरड्या भागांत केवळ यामुळे पानांचं आच्छादन ११ टक्के वाढलं. मीही हे गणित माणच्या खोऱ्यावर चालवलं. मधल्या आणि खालच्या भागात 'उरलेलं' इतक्या जोरात चढत होतं, की कार्बन डायऑक्साइडने त्याचा खुलासा होणं शक्य नव्हतं. तिथे पाणी पावसाशिवाय आणखी दोन मार्गांनी येत होतं.

पहिला मार्ग खालून. १९७२ च्या दुष्काळानंतर कठीण खडक फोडणारी बोअरची यंत्रं महाराष्ट्रात पसरली. आधी पिण्याच्या पाण्यासाठी, मग शेतीसाठी. दख्खनच्या काळ्या खडकात पाणी साठतं ते वरच्या मुरमाड थरात आणि भेगांत. खाली जावं तसं ते थोडं आणि जुनं. तरीही दोनशे फुटांची बोअर आटली की चारशे, मग सहाशे, मग आठशे. त्या पाण्यावर डाळिंब उभं राहिलं. आटपाडी-सांगोल्याच्या डाळिंबाने या भागातल्या कितीतरी घरांना पक्कं छप्पर दिलं, मुलींना कॉलेजात पाठवलं. माझ्या मामेभावांचंही घर त्याच पैशातून झालं. म्हणून डाळिंबावर तोंडसुख घेणं मला पटत नाही.

पण याच डाळिंबाने मला माझ्या कामातला दुसरा मोठा धडा दिला. एका वर्षी डिसेंबरच्या चित्रात सांगोल्याकडच्या एका पट्ट्यातला आकडा धाडकन पडलेला दिसला. पाऊस त्या वर्षी वाईट नव्हता. मी टिपणात लिहिलं, 'बागा वाळत आहेत, भूजल संपल्याची शक्यता.' नंतर प्रत्यक्ष गेले तर बागेचा मालक माझ्याकडे पाहतच राहिला. "ताई, बाग वाळली नाही. ताणावर आहे." डाळिंबाला मनाजोगता बहार धरायचा असेल तर महिना-दीड महिना पाणी तोडतात, मग औषध मारून पानगळ करतात. आंबे बहार धरणाऱ्याची बाग थंडीत खराट्यासारखी उघडी असते आणि संक्रांत उलटता उलटता कळीने भरते. मृग बहारवाल्याची बाग उन्हाळ्यात उघडी, हस्तवाल्याची पावसाळ्याच्या मध्यात. म्हणजे आकाशातून जे मरण दिसत होतं ते शेतकऱ्याचं पुढच्या पिकाचं नियोजन होतं. त्यांनी मला एक फांदी वाकवून दाखवली. पान एक नव्हतं, पण सालीखाली नखाने खरवडलं तर हिरवं ओलं. "हे तुमच्या फोटोत येतं का?" त्यांनी विचारलं. येत नाही. त्या दिवसापासून मी बागांच्या पट्ट्यात कुठल्या गावात कुठला बहार धरतात हे विचारल्याशिवाय एकही ओळ लिहीत नाही.

दुसरा मार्ग वरून, म्हणजे शब्दशः डोंगरावरून. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलतात, टप्प्याटप्प्याने पंपांनी वर चढवतात आणि आटपाडी, सांगोल्यापर्यंत आणतात. माणगंगेच्या पात्रातही ते सोडतात, बंधारे भरून घेतात. ज्या नदीत झिरेसुद्धा कोरडे पडले होते तिथे उन्हाळ्यात पाणी वाहताना मी पाहिलं आहे. बायका काठावर ओटी भरायला आल्या होत्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, त्यात खोटं काही नाही. कागदावर मात्र त्याचा अर्थ वेगळा होतो. या खोऱ्याची हिरवाई आता या खोऱ्याच्या पावसाशी जोडी लावत नाही. ती सह्याद्रीच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाशी, पंपाच्या विजेशी आणि सिंचनाच्या पाळीपत्रकाशी जोडी लावते. पाणी आल्याबरोबर कित्येक ठिकाणी डाळिंबाशेजारी ऊस आला. ५०० मिलिमीटरच्या मुलखात ऊस. मला विचाराल तर हे मला मान्य नाही, आणि हे मी गावातही तोंडावर बोलले आहे. आलेलं पाणी चाऱ्याला, फळांना, पिण्याला पुरवून पुरवून वापरायचं आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने ऊस आणि शेतीसाठीच्या बोअर या दोन्हींना नाही म्हणून दाखवलं. ते गावही याच पर्जन्यछायेतलं आहे.

२०१९ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्याच्या बातम्या सगळीकडे आल्या. २००० पासूनच्या उपग्रहचित्रांवरून पृथ्वी अधिक हिरवी झाली आहे आणि त्यात चीन व भारत आघाडीवर आहेत, असं त्यात होतं. बातम्यांचे मथळे आनंदाचे होते. आतली ओळ फार कमी ठिकाणी छापली गेली: चीनमध्ये या वाढीतला ४२ टक्के वाटा जंगलांचा, भारतात मात्र ८२ टक्के शेतीचा, जंगलांचा जेमतेम ४.४ टक्के. म्हणजे देशाची वाढलेली हिरवाई बहुतांशी सिंचनाची, एका वर्षात दोन-तीन पिकं घेण्याची. माणच्या खोऱ्यात जे मला दिसत होतं तेच देशभर होतं.

आता माळाबद्दल. माझ्या सगळ्या कामात मला सगळ्यात जास्त कळवळा माळाचा आहे, कारण त्याच्या बाजूने बोलणारं कोणी नाही. सरकारी भाषेत तो पडीक. एका धनगर आजींबरोबर मी एकदा अर्धा दिवस माळ चालले. दिवाळी तोंडावर होती, त्यांची मेंढरं कोकणाच्या वाटेला लागायची होती. त्या वाकून एकेक गवत उपटून माझ्या हातावर ठेवत होत्या. हा पवना, मेंढराला सगळ्यात गोड. हा शेडा. हे मारवेल, पावसानंतर पहिल्यांदा फुटतं, दुभत्या शेळीला हेच द्यायचं. ही कुसळी, कुसळ धरायच्या आत चारून घ्यायची, नाहीतर लोकरीत घुसते, तोंड सोलवटते. कुंदा कुठे मिळतो विचारलं तर म्हणाल्या, "काळ्या रानाच्या बांधाला असायचा. आता ट्रॅक्टरनं बांधच खाल्ला." काही वेळ चालून त्या एका जागी उभ्या राहिल्या. तिथे तरवड होता, रुई होती, काँग्रेस गवत छातीपर्यंत माजलं होतं. "इथं माझं मेंढरू तोंड घालत न्हाई," त्या म्हणाल्या. "हिरवं हाय, पर त्यात खायाचं काय हाय?"

पवना असलेल्या माळाचा आकडा आणि काँग्रेस गवत असलेल्या माळाचा आकडा माझ्या तक्त्यात सारखाच होता. दुसऱ्याचा किंचित जास्तच.

काही वर्षांपूर्वी मी एका कार्यालयासाठी या खोऱ्याचा अहवाल केला. माळांवर यंत्राने समतल चर खोदून गिरिपुष्पाची लागवड झाली होती, तिचं मूल्यमापन हवं होतं. मी तीन तक्ते दिले. सिंचनामुळे वाढलेली हिरवाई, वेड्या बाभळीची हिरवाई आणि लागवडीची हिरवाई, तिन्ही वेगवेगळ्या. शेवटच्या तक्त्यात माळाचं गवत किती घटलं तेही होतं. छापून आलेल्या पुस्तिकेत तीनही बेरजा एकत्र करून एकच टक्केवारी होती आणि वर 'हरित आच्छादनात वाढ' असं शीर्षक. गवताची घट कुठेच नव्हती. मी पत्र लिहिलं, दोनदा भेटले. 'जागा कमी पडली' असं उत्तर मिळालं. गिरिपुष्पाचं झाड वाईट नाही, बांधावर ते खत देतं. पण गवताळ माळावर त्याची सावली पडली की खालचं गवत विरतं, आणि उघडं आभाळ लागणारे पक्षी निघून जातात. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. आज तिथे माळढोक दिसणं दुर्मीळ आहे. त्याची कारणं अनेक आहेत, पण माळाला पडीक म्हणून तिथे झाडं लावत सुटणं हे त्यातलं एक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या पुस्तिकेवर माझं नाव आहे. तिची आठवण झाली की मला आजही त्रास होतो.

चांगलंही पाहिलं, ते सांगायलाच हवं. खोऱ्याच्या वरच्या अंगाला एका गावाने गायरानाच्या निम्म्या भागात तीन वर्षं चराईबंदी केली. मेंढपाळांना बरोबर बसवून केली, म्हणून ती टिकली. उरलेल्या निम्म्यात चराई फिरती ठेवली: एक वर्ष हा तुकडा, पुढच्या वर्षी तो. झाड एकही लावलं नाही. पहिल्या वर्षी तरवडाच्या बुंध्याशी, जिथे मेंढराचं तोंड पोचत नाही तिथे, कुसळीचे चार झुबके राहिले होते. तेच बी पसरलं. तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मी तिथे गेले तर वारा आला की गवत एका बाजूला लवत होतं आणि खालून लाव्हे उडत होते. सेंटिनेल उपग्रहाच्या दहा मीटरच्या चित्रात तो तुकडा शेजाऱ्यांपेक्षा थोडाच हिरवा दिसतो. जानेवारीत तर सोनेरी होऊन शून्याकडे झुकतो. निव्वळ आकड्यावर परीक्षा घेतली तर हे गाव नापास होईल.

अठरा वर्षांनंतर माझ्या वहीत आता प्रत्येक ठिकाणासाठी एक रकाना जास्तीचा असतो: 'हे पाणी कुठलं?' हस्ताचं, वाळूतलं, आठशे फुटांवरचं की कृष्णेचं. त्या रकान्याशिवाय कुठल्याही हिरव्या चौकोनाचा अर्थ मी लावत नाही. 'नदीकाठचे वन' हे नाव मी जुन्या नकाशांवरून काढून टाकलं आहे, आणि त्या जागी आजोबांनी सांगितलं तेच लिहिलं आहे, वेडी बाभूळ.

उपग्रहाची आठवण १९८४ च्या फार मागे चांगली जात नाही. त्याआधीचा माळ कसा होता, नदीत वाळू किती होती, काठाला कुठली झाडं होती, हे सांगणारी माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या पुढची आहेत. ज्या आजींनी मला पवना आणि शेडा हातावर ठेवून ओळखायला शिकवलं, त्या गेल्या वर्षी गेल्या. त्यांच्या नातवांना यातली दोनच नावं येतात. तुमचं गाव अशा कोरड्या नदीकाठी असेल, तर घरातल्या जुन्या फोटोंच्या मागे नदी दिसते का पाहा, त्यावर साल लिहून ठेवा. या दिवाळीच्या आधी, गवत कुसळ धरायच्या आत, ज्यांना नावं येतात अशा कुणाबरोबर तरी एकदा माळावर जा. नावं त्यांच्याच तोंडची, आहेत तशी उतरवून घ्या.